संदर्भ मागायचा तर पुरता मागावा

२०२४ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि त्यात मनुस्मृतीतला एक श्लोक आढळल्यावरून बराच गदारोळ उठला. ‘अभिवादनशीलस्य नित्यं वृद्धोपसेविनः’ असा सुरू होणारा हा श्लोक दुसऱ्या अध्यायातला. जो नित्य वडीलधाऱ्यांना वंदन करतो व त्यांची सेवा करतो, त्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते, एवढेच तो सांगतो. ज्या ग्रंथाने माणसांना जन्मावरून हीन ठरवले, त्यातले काहीच मुलांच्या हाती जाता कामा नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. श्लोक निरुपद्रवी आहे, ग्रंथातले वाईट तेवढे सोडून चांगले घेण्यात गैर काय, असे समर्थक म्हणत होते आणि विरोधक संदर्भ सोडून बोलत आहेत, अशी पुस्तीही जोडत होते. वाद झडला, पण त्या श्लोकाच्या मागचेपुढचे श्लोक काय आहेत, हे कुणी वाचून दाखवल्याचे माझ्या तरी पाहण्यात आले नाही.

प्रचलित पाठात हा १२१ वा श्लोक आहे. प्रकरण ब्रह्मचाऱ्याने कुणाला, कसे, कोणत्या शब्दांत अभिवादन करावे याचे. पाचच श्लोक पुढे गेले की ज्या विप्राला प्रत्यभिवादन, म्हणजे वंदनाला उलट उत्तर, कसे करावे हे कळत नाही, त्याला विद्वानाने वंदन करू नये, कारण तो शूद्रासारखाच, असे वाक्य येते. आणखी नऊ श्लोकांनी म्हटले आहे की दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा राजा हे बापलेक समजावेत आणि त्यांतला बाप ब्राह्मण. म्हणजे ज्या श्लोकाला आपण ‘वडीलधाऱ्यांचा आदर’ म्हणून सुभाषितसंग्रहात घालतो, त्याच्याच प्रकरणात वडीलपण वयावर ठरत नाही. मात्र तेवढ्यावर थांबणेही लबाडीचे होईल. त्यानंतर दोनच श्लोकांनी, मान कुणाला द्यावा याची गणना करताना, नव्वदी ओलांडलेला शूद्रही मानास पात्र आहे, असे त्याच ग्रंथाने म्हटले आहे. वृद्धत्वापुढे वर्ण थोडा वाकतो खरा, पण त्यासाठी शूद्राला नव्वद वर्षे जगावे लागते. हा झाला त्या श्लोकाचा संदर्भ. तो दोन्ही पक्षांना पुरता सोयीचा नाही, आणि माझ्या मते संदर्भाची पहिली खूण हीच असते.

‘संदर्भ सोडून वाचता’ हा आरोप आपल्याकडे आता ढालीसारखा वापरला जातो. एखादे वचन खटकले असे कुणी म्हटले की त्याला संदर्भ बघायला सांगायचे आणि स्वतः तो न दाखवता विषय संपवायचा, ही रीत झाली आहे. माझे म्हणणे असे की संदर्भाची मागणी रास्तच आहे, पण ती करणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या येतात. संदर्भ त्याने स्वतः उलगडून दाखवला पाहिजे, आणि उलगडल्यावर जे दिसेल ते, वचन अधिक वाईट ठरले तरी, पत्करले पाहिजे. वचन कुठे, कशासाठी, कुणाला उद्देशून आले हे संदर्भ सांगतो. ते योग्य होते की अयोग्य, हा निवाडा तो आपल्या वतीने करीत नाही.

संदर्भ पाहण्याचे हे शास्त्र आपल्याला परक्याकडून शिकावे लागले असते तर गोष्ट वेगळी होती. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांनी, वाक्यार्थ ठरवण्याचे नियम इतक्या काटेकोरपणे बसवले आहेत की आजच्या कायदेपंडितानेही ते अभ्यासावेत. ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना उपक्रम आणि उपसंहार जुळतात का, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे, नवे काय सांगितले आहे, फळ कोणते सांगितले आहे, स्तुतिनिंदेचा भाग कोणता आणि युक्तिवाद कोणता, अशी सहा गमके ते पाहतात. विधी, म्हणजे प्रत्यक्ष आज्ञा, आणि अर्थवाद, म्हणजे नुसती स्तुती किंवा निंदा, यांत ते भेद करतात. एखाद्या गोष्टीची निंदा आली तर ती त्या गोष्टीला हाणून पाडण्यासाठी नसून शेजारच्या विहित गोष्टीची थोरवी सांगण्यासाठी असते, असा त्यांचा एक प्रसिद्ध न्यायही आहे. खटकणाऱ्या वचनांपैकी काही या चाळणीतून खरोखरच सौम्य होऊन बाहेर पडतात. अमुक व्रत न करणारा नरकात जातो, असे पुराणात वाचून घाबरणाऱ्या माणसाला तो अर्थवाद आहे, व्रताकडे वळवण्यासाठी केलेली अतिशयोक्ती आहे, हे सांगणे बरोबरच आहे.

पण चाळणी हातात घेतली की तिच्यातून सगळीच वचने पाडावी लागतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, द्विजाला दारुण शब्दांनी बोलणाऱ्या एकजातीची, म्हणजे शूद्राची, जीभ कापावी, असे वचन आहे. ते २७० वे. त्याला अर्थवाद म्हणता येईल का? प्रकरण राजाने करावयाच्या न्यायनिवाड्याचे आहे, विषय वाक्पारुष्याचा, म्हणजे शिवीगाळीच्या गुन्ह्याचा आहे, आणि आधीच्या श्लोकांत दंडाचे आकडे दिले आहेत. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला शंभर ‘पण’ (हे त्या काळचे नाणे), वैश्याला दीडशे किंवा दोनशे, शूद्राला शारीरिक दंड. उलट बाजूने ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास, वैश्याला दिली तर पंचवीस, शूद्राला दिली तर बारा. येथे अलंकार नाही, अतिशयोक्ती नाही. दरपत्रक आहे. मीमांसेच्या कोणत्याही कसोटीने हा विधीच ठरतो, आणि संदर्भाने त्याची धार वाढते.

यावर ग्रंथाचे अभिमानी एक उत्तर देतात आणि ते ऐकून घेतले पाहिजे, कारण तेही ग्रंथातच आहे. चोरीच्या अपराधात शूद्राचा दोष आठपट, वैश्याचा सोळापट, क्षत्रियाचा बत्तीसपट आणि ब्राह्मणाचा चौसष्टपट, शंभरपट किंवा एकशे अठ्ठावीसपट धरावा, असे आठव्याच अध्यायात पुढे सांगितले आहे. जाणत्याला अधिक शिक्षा, हे तत्त्व आजही कुणाला पटेल. मग त्याच अध्यायात आणखी पुढे जावे. ब्राह्मणाने कोणतेही पाप केलेले असो, त्याला कधीही ठार मारू नये, त्याला धनासकट, इजा न करता, राज्याबाहेर घालवावे, असे वचन तेथे भेटते. एकाच अध्यायातली ही तीन ठिकाणे एकत्र ठेवली की मनूला न्यायाची जाण नव्हती असे म्हणता येत नाही आणि त्याचा न्याय समान होता असेही म्हणता येत नाही. अशा शिक्षा प्रत्यक्षात किती जणांना झाल्या, हा इतिहासाचा वेगळा प्रश्न आहे. पण प्रत्यक्षात झाल्या नसतील, या शक्यतेला वचनाचा अर्थ म्हणता येत नाही.

गोड वचनांनाही हीच कसोटी लावली पाहिजे, आणि तिथे आपण बहुधा कच खातो. ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते रमन्ते तत्र देवताः’ हे चरण महिला दिनाच्या प्रत्येक फलकावर असतात. तिसऱ्या अध्यायातल्या या श्लोकाच्या आधीचा श्लोक सांगतो की ज्यांना कल्याण हवे आहे त्या बापांनी, भावांनी, नवऱ्यांनी आणि दिरांनी स्त्रियांचा मान राखावा व त्यांना सजवावे. तीन श्लोकांनंतर हा मान कशाने राखायचा तेही येते: दागिने, वस्त्रे आणि अन्न यांनी. हे वाईट नाही. सासुरवाशिणीला उपाशी ठेवणाऱ्या घराला हा श्लोक जरूर ऐकवावा. पण ही घरातल्या पुरुषांना त्यांच्याच भल्यासाठी केलेली सूचना आहे, आणि ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ म्हणणाऱ्या नवव्या अध्यायाशी तिचे मुळीच भांडण नाही. जपून ठेवलेल्या माणसाचा सत्कार आणि त्याला स्वातंत्र्य नाकारणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत गुण्यागोविंदाने नांदतात. फलकावर संदर्भ तोडून छापलेला हा श्लोक, संदर्भ तोडून शिवी म्हणून फेकलेल्या कोणत्याही श्लोकाइतकाच चुकीचा वाचला गेला आहे.

आता भगवद्गीतेतले एक स्थळ जरा सावकाश पाहू, कारण संदर्भाने काय साधते आणि काय साधत नाही, हे तिथे फार स्वच्छ दिसते. नवव्या अध्यायातला ३२ वा श्लोक म्हणतो की माझा आश्रय केल्यावर जे पापयोनी असतील ते, तसेच स्त्रिया, वैश्य आणि शूद्र, हेही परम गतीला जातात. श्लोकाची रचना अशी आहे की ‘पापयोनी’ हा शब्द पुढच्या तिघांचे विशेषण मानावा की स्वतंत्र चौथा गट मानावा, हे व्याकरणाने पुरते ठरत नाही. शंकराचार्यांनी तो विशेषण मानला. ज्यांचा जन्म पापमय ते पापयोनी, ते कोण, तर स्त्रिया, वैश्य आणि शूद्र, असा त्यांच्या भाष्याचा सरळ आशय आहे. लोकमान्य टिळकांना तो मानवला नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्यांनी ‘पापयोनी’ हा गट वेगळा काढला आणि सरकारदरबारी ज्यांना गुन्हेगार जाती म्हणतात त्या येथे अभिप्रेत आहेत, अशी टीप दिली. अशांनाही मोक्ष मिळतो, हा त्यांचा रोख होता, हे खरे. पण एका टिपेने स्त्रिया, वैश्य आणि शूद्र सुटले, आणि ज्यांना त्यांनी त्या शब्दाखाली ठेवले, ते इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने सुरू केलेल्या आणि १९११ च्या कायद्याने वाढवलेल्या यादीतले लोक होते. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पारधी, कैकाडी अशा समाजांतल्या माणसांची त्या शिक्क्यातून अजूनही पुरती सुटका झालेली नाही. वचनाचा काळ आपण शोधत असतो तेव्हा वाचणाऱ्याचा काळही त्यात शिरत असतो, आणि टिळकांसारख्या विद्वानाच्या टिपेतही तो शिरला.

या श्लोकाचा आगापिछा पाहू. तीन श्लोक आधी ‘समोऽहं सर्वभूतेषु’, म्हणजे मी सर्व प्राणिमात्रांना सारखाच, असे म्हटले आहे. मग अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्य भक्तीने साधूच मानावा, असे सांगितले आहे. नंतर आपला श्लोक. आणि त्याला लागून ‘किं पुनर्ब्राह्मणाः पुण्याः’, म्हणजे मग पुण्यवान ब्राह्मणांचे आणि भक्त राजर्षींचे काय सांगावे! ओघ स्पष्ट आहे. वाट मोकळी करण्यासाठीच हा भाग आला आहे, आणि भक्तीची वाट कुणालाही बंद नाही हे त्याचे तात्पर्य आहे. परंतु ‘हेसुद्धा, मग त्यांचे काय बोलावे’ असा कैमुतिक युक्तिवाद करायचा तर ‘हे’ खालचे आणि ‘ते’ वरचे, ही पायरी ऐकणाऱ्याला आधीच मान्य असावी लागते. मीमांसकांच्या भाषेत बोलायचे तर उच्चनीचतेचे विधान येथे विधी नसून अनुवाद आहे, लोकांना ठाऊक असलेल्या गोष्टीचा पुनरुच्चार आहे. हा बचाव मला मान्य आहे. पण तो मान्य केला की सोबत हेही मान्य करावे लागते की गीतेने ती समजूत येथे उच्चारली आणि खोडली नाही. निष्कर्ष उदार आहे, गृहीतक नाही. ‘गीतेने स्त्रियांना पापयोनी म्हटले’ एवढेच सांगणारा निष्कर्ष लपवतो, आणि ‘गीतेने सर्वांना समान मानले’ एवढेच सांगणारा गृहीतक लपवतो.

ज्ञानेश्वरांनी या जागी काय केले, हे मराठी माणसाने पाहिलेच पाहिजे. दैत्यकुळात जन्मलेल्या प्रल्हादाचा दाखला देत ते म्हणतात, ‘म्हणौनि कुळ जाति वर्ण । हें आघवेंचि गा अकारण । एथ अर्जुना माझेपण । सार्थक एक ॥’ मूळ श्लोकातले गृहीतकच त्यांनी येथे काढून टाकले आहे. व्याख्यानांतून ही ओवी आपण हजार वेळा ऐकली आहे. मात्र त्याच अध्यायात, पुढच्याच श्लोकावर बोलताना, ब्राह्मणांना वर्णांमधले छत्रचामर म्हणणाऱ्या ओव्याही त्यांच्याच आहेत, आणि त्या व्याख्यानांत ऐकू येत नाहीत. मला त्या ऐकवल्याने ज्ञानेश्वर लहान होतील असे वाटत नाही. तेराव्या शतकात, त्या समाजात, वाळीत टाकल्या गेलेल्या घरातला तरुण कुठपर्यंत गेला आणि कुठे थांबला, हे त्या दोन्ही ओव्या शेजारी ठेवल्यावरच कळते.

संदर्भाचा उपयोग सुधारणेच्या बाजूने होतो तसा तिच्या विरुद्धही होतो, हे विधवाविवाहाच्या वादात दिसले. पाराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायातले ‘नष्टे मृते प्रव्रजिते’ हे वचन पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगते. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली त्याच्या आधारे वाद मांडला आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी त्यांचे पुस्तक मराठीत आणले आणि १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे या प्रश्नावर शास्त्रार्थ झाला. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. त्या वचनाला लागूनच पुढे काय आहे? ब्रह्मचर्याने राहणारी विधवा स्वर्गाला जाते, आणि पतीसोबत जाणारी, म्हणजे सती, माणसाच्या अंगावर जितके केस तितकी, साडेतीन कोटी वर्षे स्वर्गात राहते. केवळ पहिला श्लोक म्हणून दाखवणाऱ्या सुधारकाला हे उरलेले श्लोक अडचणीचे होते. विद्यासागरांनी ते लपवले नाहीत. विधवेपुढे तीन मार्ग सांगितले आहेत, त्यांपैकी सहगमन सरकारने बंद केले, ब्रह्मचर्य कठीण आहे, म्हणून उरलेला मार्ग मोकळा ठेवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. याला मी प्रामाणिक संदर्भवाचन म्हणतो. उलट बाजूला माधवाचार्यांचे जुने भाष्य होते. त्यांनी हे वचन दुसऱ्या युगासाठी आहे असे ठरवून बाजूला काढले होते, आणि तेही अशा स्मृतीतले, जी स्वतःच कलियुगासाठी सांगितली असल्याचे म्हणते. काळाचा संदर्भ हा शब्द किती लवचीक आहे याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

काही जण खटकणाऱ्या भागावर ‘प्रक्षिप्त’ असा शेरा मारून मोकळे होतात. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडातल्या शंबूकवधाबद्दल, म्हणजे तप करणाऱ्या शूद्र शंबूकाला रामाने मारल्याच्या कथेबद्दल, हे नेहमी ऐकू येते. उत्तरकांड मागाहूनचे आहे, हे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तरी बडोद्याहून निघालेल्या चिकित्सक आवृत्तीने ती कथा कायम ठेवली आहे, कारण हस्तलिखितांत ती सर्वदूर आहे. समजा ती मागाहूनची आहे. मग ती कुणीतरी रचली, कुणीतरी रामाच्या चरित्रात बसवली आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती नकलून घेतली, हा प्रश्न उरतोच. रामाचे माप कमी होऊ नये म्हणून कथा काढायची, तर ज्यांनी ती घातली त्यांना तसे वाटले नव्हते, उलट राजधर्माचा तो उत्कर्ष वाटला होता, हे आपण पुसून टाकतो. आठव्या शतकातला, विदर्भातला भवभूती याबाबत जास्त धीट निघाला. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकात शंबूकावर तलवार उचलताना त्याचा राम आपल्याच उजव्या हाताला म्हणतो की मेलेल्या ब्राह्मणपुत्राला जगवण्यासाठी या शूद्रमुनीवर तलवार टाक, गर्भभाराने थकलेल्या सीतेला घालवून देणाऱ्या रामाचे तू अंग आहेस, तुला कुठली करुणा! कवीने कथा गाळली नाही आणि तिचे समर्थनही केले नाही. ती ज्याच्या हातून घडली त्यालाच तिचा काच कळू दिला.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितले की शास्त्रांचा व्याकरणशुद्ध किंवा तर्कशुद्ध अर्थ वेगळाच आहे, असे लोकांना पटवत बसण्यात हशील नाही, कारण लोकांनी शास्त्रे कशी समजून घेतली तेच महत्त्वाचे आहे. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये उत्तर देताना बुद्धीला न पटणारे काही ईश्वराचा शब्द म्हणून स्वीकारता येत नाही, अशी भूमिका घेतली. आंबेडकरांचे प्रत्युत्तर असे की अस्सल कोणते आणि घुसडलेले कोणते, हे सामान्य माणसाला ठाऊक नसते, त्याला जे शास्त्र म्हणून सांगितले जाते तेच त्याच्या जगण्यावर चालते. नऊ वर्षे आधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला त्यांनी मनुस्मृती जाळली, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना बंद होते, त्यांच्यापर्यंत ग्रंथ पोचला होता तो मनाईच्या रूपाने.

आंबेडकरांचे म्हणणे मला या क्रमाने मान्य आहे: वचनाच्या वापराचा इतिहास हाही त्याचा संदर्भ आहे, आणि भोगणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तोच पहिला. गौतमधर्मसूत्रातले, वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत शिसे व लाख ओतावी, हे वचन जुने, विस्मृत म्हणून सोडून देता येईल असे कुणाला वाटेल. पण ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही हे सिद्ध करताना शंकराचार्यांनी ते प्रमाण म्हणून दिले आहे. ज्या छांदोग्य उपनिषदात बापाचे नाव ठाऊक नसलेल्या सत्यकाम जाबालाला गुरू त्याच्या खरेपणासाठी पत्करतो, त्या कथेचाही तेथे उपयोग काय केला आहे, तर तो शूद्र नाही अशी खात्री झाल्यावरच गुरूने उपनयन केले, हे दाखवण्यासाठी. उपनिषदाने उघडलेले दार भाष्याने लावून घेतले. आणि हे केवळ पोथीत राहिले म्हणावे, तर विसाव्या शतकाच्या तोंडावर कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहिताने वेदोक्त मंत्र म्हणायला नकार दिला आणि पुराणोक्त म्हटले, ते याच अधिकारविचारातून.

तरीही नीट वाचण्याचे काम व्यर्थ आहे, या टोकाला मी जाणार नाही. जाळल्याने निषेध नोंदवला जातो आणि महाडला तो नोंदवणे आवश्यकच होते. परंतु ग्रंथ पुन्हा छापले जातात, पुन्हा वाचले जातात, आणि वाचणाऱ्याला वाचायचे कसे हे कुणीतरी सांगावेच लागते.

हाच न्याय दुसऱ्यांच्या ग्रंथांना लावताना आपला हात आखडतो. बायबलमधले १३७ वे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या बंदिवानांचे आहे, आणि त्याच्या शेवटी बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे. इ.स.पू. सहाव्या शतकात जेरूसलेम जाळले गेल्यावर उठलेला तो आक्रोश आहे, आज्ञा नाही, हे ओळखावे. ओळखूनही ते शब्द अंगावर काटा आणतात. १९७१ साली सुधारलेल्या रोमन कॅथलिक नित्यप्रार्थनेतून ते चरण आणि काही संपूर्ण शापस्तोत्रे वगळली गेली, बायबलमध्ये मात्र ती जागच्या जागी आहेत. प्रार्थनेत गाळावे, ग्रंथात राखावे, ही तडजोड मला समंजस वाटते. कुराणाच्या नवव्या सूरेतली, अनेकेश्वरवाद्यांना सापडतील तेथे ठार करा म्हणणारी पाचवी आयत आपल्याकडे भ्रमणध्वनीवरून सतत फिरत असते. तिच्या आधीची आयत करार पाळणाऱ्या अनेकेश्वरवाद्यांना वगळते आणि पुढची आयत शरण मागणाऱ्याला आश्रय देऊन सुरक्षित ठिकाणी पोचवायला सांगते. त्या दोन्ही गाळून ती पाठवणारा लबाडी करतो. काही जुन्या भाष्यकारांनी याच आयतीने सलोख्याच्या अनेक आयती रद्द झाल्या असे मानले होते, हे न सांगणारा मुस्लिम प्रवक्ता तीच लबाडी दुसऱ्या बाजूने करतो.

संदर्भ पुरता पाहून झाल्यावरही वचन खटकत राहिले तर? माझे उत्तर असे की मग ते चुकीचे आहे, असे म्हणावे, आणि असे म्हणण्याची परवानगी परंपरेकडूनच मिळते. मनुस्मृतीच्याच चौथ्या अध्यायात, ज्याचा परिणाम दुःखद होतो आणि ज्याविरुद्ध लोक आक्रोश करतात, तो धर्मही सोडून द्यावा, असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यानेही लोकांना द्वेष्य झालेले आचरण धर्म्य असले तरी करू नये, असे म्हटले. नियोग (पतीऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून संतती), मधुपर्कातला, म्हणजे पाहुण्याच्या सत्कारातला, पशुवध अशा अनेक शास्त्रोक्त गोष्टी ‘कलिवर्ज्य’, म्हणजे कलियुगात निषिद्ध, म्हणून धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी मोडीत काढल्या. शास्त्र बदलत नाही असे म्हणणाऱ्या शास्त्र्यांनीच हे केले. त्यांची अडचण एवढीच की ‘लोक’ म्हणजे कोण, हे तेच ठरवीत होते. शूद्राची जीभ कापण्याच्या श्लोकावर ज्यांनी आक्रोश केला असता, ते त्यांच्या लोकांत धरलेच नव्हते.

ज्ञानेश्वरांनी ते धरले. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे ते म्हणतात, ‘वेदु संपन्नु होय ठायीं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥’ वेद श्रीमंत खरा, पण त्याच्याइतका चिक्कू दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला, आणि स्त्रीशूद्रादिकांना भवव्यथा असूनही त्याने जवळ केले नाही. मागचे हे उणे फेडण्यासाठीच वेद गीतेच्या रूपाने सर्वांना सेव्य झाला, असे ते पुढे सांगतात. वेदाला अपौरुषेय मानणाऱ्या माणसाने वेदात उणे आहे असे उघड म्हटले, आणि म्हणून वेद टाकला नाही. गावोगावच्या सप्ताहात या ओव्या दरवर्षी वाचल्या जातात, पण पारायणाच्या वेगात त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही.

त्या ओव्यांनी ज्यांना मोजले, त्या घरांतली मुले-मुली आज विद्यापीठांत संस्कृत शिकतात, मनुस्मृतीचे मराठी भाषांतर दुकानात विकत मिळते, आणि ते वाचून कुणी प्रश्न विचारला की ‘तुम्हाला संस्कृत येत नाही, परंपरा ठाऊक नाही, तुमचा अधिकार नाही’ असे ऐकवणारे आजही भेटतात. गौतमाच्या सूत्रात शिसे होते, येथे फक्त शब्द आहेत, हा फरक मोठा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण अशा वाचकाला उत्तर द्यायचे असेल तर ग्रंथ उघडावा, त्याला शेजारी बसवावे आणि श्लोकाच्या मागचे दहा व पुढचे वीस श्लोक दोघांनी मिळून मोठ्याने वाचावेत.